काटा जागेवर, तरी गाडीत दम नाही: इंजिन तापणं वेगळं, इंटरकूलर तापणं वेगळं

मे महिन्यात बोरघाटात जाममध्ये अर्धा तास अडकलो होतो. गाडी पहिल्या पिढीची फॉर्च्युनर, ३ लिटरचं डिझेल इंजिन, बॉनेटवर हवा घेणारा स्कूप. रस्ता मोकळा झाला, पाय दाबला, तर गाडी उचलच घेईना. टेम्परेचरचा काटा मात्र जिथल्या तिथे. गॅरेजवाल्याने ‘इंजिन तापतंय’ म्हणून रेडिएटर धुतला, कूलंट बदलला. फरक शून्य. कारण तापत होता तो इंटरकूलर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा थंड करणारी जाळी, आणि त्याची खबर तो काटा देतच नाही.

काटा दाखवतो कूलंटचं तापमान, साधारण ९० अंशांच्या आसपास. इंटरकूलरचं गिऱ्हाईक वेगळं: टर्बोने, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या यंत्राने, दाबलेली हवा. बाहेर ३५ अंश असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, की ती सुमारे १३० अंशांवर जाते. चांगला इंटरकूलर तिला ६५ च्या घरात आणतो. तेवढ्याने, दाब तोच राहिला तर, प्रत्येक घोटात हवा साधारण २० टक्के जास्त मावते. गाडीचा दम तो हाच.

आता जाममध्ये काय होतं बघा. गाडी उभी, स्कूपमध्ये वारा नाही. रेडिएटरचा पंखा गरम झोत मागे इंजिनवर फेकतोय आणि इंटरकूलर नेमका इंजिनच्या डोक्यावर. आजूबाजूची हवाच ७० अंशांची झाली, तर तो टर्बोची हवा त्याखाली आणणार कशी? यालाच हीट सोक म्हणतात. पुढच्या ग्रिलमागे बसवलेल्या इंटरकूलरला हा त्रास कमी, पण त्याच्यातून तापून निघालेली हवा रेडिएटरला मिळते आणि पाइपही लांबतात. म्हणून वरचा इंटरकूलर सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही.

उपायही निरनिराळे. काटा लाल पट्ट्याकडे गेला तर एसी बंद, हीटर पूर्ण चालू, गाडी बाजूला, आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. हीट सोकला मात्र वाहता वारा लागतो. गाडी पळू लागली की तो ओसरतो.

ओसरलाच नाही, तर आधी स्कूप आणि इंटरकूलरमधलं रबरी सील बघा. त्याच्या कडेवर खडू घासा, बॉनेट लावा, पुन्हा उघडा. खडूचा ठसा वर सलग उमटायला हवा. तुटक असेल तर वारा जाळीतून न जाता बाजूने निसटतोय. इंजिनखालचं आवरण, म्हणजे स्प्लॅश गार्ड, काढून फेकू नका: त्याच्याविना इंजिनखान्यात दाब वाढतो आणि वरची हवा खाली उतरत नाही. बिजागरीत वॉशर घालून बॉनेट मागून उचलण्याची टूमही इथे उलटते. वेगात काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, त्यामुळे त्या फटीतून हवा बाहेर पडण्याऐवजी आत शिरते.

एक्झॉस्टला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली तर उष्णता पाइपातच राहते. पण कोकणच्या पावसात ती ओल धरते आणि साधा लोखंडी पाइप पट्टीखाली गंजतो, तेव्हा तिथे पत्र्याची हीट शील्ड बरी.

माझ्या गाडीचं सील कुठल्याशा जुन्या कामात काढलं आणि परत लावलंच नव्हतं. नवं बसवलं. जाममधून सुटल्यावर गाडी अजूनही थोडी जड वाटते, पण पुढच्या एक-दोन वळणांत मोकळी होते.