मेख प्रश्नातच असते

‘बहुराष्ट्रीय कंपन्यांमुळे रोजगार वाढतो.’ सर्वेक्षणाच्या फॉर्मवरच्या या विधानापुढे कॉलेजातली मुलं ‘सहमत’वर खूण करतात. पुढचं विधान येतं, ‘बहुराष्ट्रीय कंपन्यांमुळे स्थानिक उद्योग बुडतात.’ त्यावरही बरीच मुलं ‘सहमत’च म्हणतात. विधान समोर आलं की मान डोलवायची ही खोड संशोधकांना चांगलीच ठाऊक आहे. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ ही पट्टी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लायकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली आणि प्रबंधांच्या फॉर्मवर ती आजही ठाण मांडून आहे.

पण मुलं खोटं बोलत नसतात. राज्यशास्त्रज्ञ जॉन झॅलर यांनी १९९२ मध्ये मांडलं, की बहुतेक विषयांवर माणसाचं मत आधीपासून ठरलेलं नसतंच. विचारल्या क्षणी जे डोक्यात वर येतं, त्यातून ते तिथल्या तिथे जुळवलं जातं.

आता बेळगावच्या विद्यार्थ्याच्या डोक्यात काय काय वर येऊ शकतं, बघा. जवळच्या हत्तरगीच्या एसईझेडमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) परदेशी विमान कंपन्यांसाठी सुटे भाग बनतात. इंजिनिअरिंगच्या पोराला ती नोकरी दिसते. उद्यमबागेत, म्हणजे शहरातल्या औद्योगिक वसाहतीत, ज्याच्या वडिलांचं छोटं वर्कशॉप आहे, त्याला मोठ्या ऑर्डरी दिसतील, नाहीतर घासाघीस करून पाडलेले दर. अथणी-निपाणीकडच्या मुलीला चपला आठवतील. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, त्यात बेळगावही आहे. (सीमेवर इतकं गुण्यागोविंदानं वाटून घेतलेलं दुसरं काही चटकन आठवत नाही!) जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या महागड्या फॅशन कंपनीने तशाच चपला मिलानच्या शोमध्ये दाखवल्या, तेव्हा कोल्हापूरचं नाव घेतलं नव्हतं. टीका झाल्यावर कंपनीने मूळ भारतीय असल्याचं मान्य केलं. त्या आठवड्यात फॉर्म भरला असता, तर?

प्रश्नाआधी डोक्यात काय घातलं यावर उत्तर बदलतं का, हे अमेरिकेत राज्यशास्त्रज्ञ मायकल हिस्कॉक्स यांनी तपासलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात, परदेशांशी व्यापार वाढल्याने नोकऱ्या जाऊ शकतात असं प्रश्नाआधी सांगितल्यावर व्यापारवाढीला असलेला पाठिंबा सुमारे १७ टक्क्यांनी घसरला. नोकऱ्या निर्माण होतात, वस्तू स्वस्त होतात असं सांगून मात्र तो वाढला नाही. मला यातला हा दुसरा भाग जास्त बोलका वाटतो. भीती चिकटते, फायदा चिकटत नाही.

म्हणून बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातल्या कुणाला ‘बहुराष्ट्रीय कंपन्यांबद्दल विद्यार्थ्यांचं मत’ हा विषय प्रबंधाला घ्यायचाच असेल, तर निम्म्या फॉर्मवर आधी चपलेचा प्रश्न छापावा, निम्म्यांवर हत्तरगीचा, आणि कुणाला कुठला मिळेल हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं. दोन गठ्ठ्यांच्या उत्तरांत फरक निघाला, तर तो फरक हाच निष्कर्ष.