कालिकांजारी

कालिकांजारी : ग्रीक लोकसमजुतीतील हिवाळी पिशाचगण (एकवचन कालिकांजारोस). नाताळ (२५ डिसेंबर) ते थिओफानिया (ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचा सण, ६ जानेवारी) या काळात हे गण पाताळातून वर येतात, रात्री घरांत शिरून नासधूस करतात आणि पाण्याच्या आशीर्वादविधीनंतर पुन्हा जमिनीखाली जातात, अशी समजूत आहे. ग्रीसची मुख्यभूमी, एजियन बेटे व सायप्रस येथे ती आढळते. १९२३ च्या लोकसंख्या-अदलाबदलीपूर्वी आशिया मायनर व पोंतोस (काळ्या समुद्राचा दक्षिण किनारा) येथील ग्रीक वस्त्यांतही ती होती. या बारा दिवसांना ग्रीकमध्ये ‘दोदेकाइमेरो’ म्हणतात. आपल्याकडच्या ‘द्वादशाह’ या शब्दाशी त्याचा अर्थ जुळतो. बल्गेरियन, सर्बियन व तुर्की लोकांतही जवळपास याच नावाची व याच ऋतूतली पिशाचे आहेत.

स्वरूप : वर्णनांत एकवाक्यता नाही. काळे, केसाळ, लाल डोळ्यांचे, गाढवाच्या किंवा बोकडाच्या पायांचे, लांब नखांचे हे बहुतेक ठिकाणचे रूप. कोठे ते माणसाएवढे किंवा त्याहून थोराड असतात, तर कोठे वीतभर. व्यंग मात्र जवळजवळ सर्वत्र सांगितले जाते : कोणी लंगडा, कोणी काणा, कोणी वाकडा. त्यांचा म्होरक्याही पुष्कळदा लंगडाच असतो. बेडूक, साप, किडे हे त्यांचे अन्न. पण माणसांच्या घरातील डुकराचे मांस व तळलेली पक्वान्ने त्यांना विशेष प्रिय. धुराड्यातून उतरावे, चुलीतल्या विस्तवावर मुतावे, पीठ उधळावे, वाटसरूच्या खांद्यावर बसून त्याला नाचवावे, अशी त्यांची कृत्ये. ते प्राण घेतल्याच्या कथा कमी आहेत. ते मूर्ख, भांडकुदळ आणि सहज फसणारे म्हणूनच जास्त ओळखले जातात. रात्री पिठाच्या गिरणीवरून येणाऱ्या मुलीला ते अडवतात आणि ती एकेक दागिना, एकेक वस्त्र मागत त्यांना कोंबडा आरवेपर्यंत अडकवून ठेवते, ही कथा अनेक प्रांतांत थोड्याफार फरकाने सांगितली जाते.

वर्षाचे उरलेले दिवस ते पृथ्वीला तोलून धरणारा वृक्ष करवतीने कापत असतात. तो तुटायला थोडाच अवकाश असताना नाताळ येतो आणि ते काम टाकून वर धावतात. परतल्यावर पाहतात तो वृक्ष पुन्हा अखंड झालेला. मग काम पहिल्यापासून सुरू. उत्तर युरोपातील विश्ववृक्षाची मुळे कुरतडणाऱ्या सर्पाशी या कथेची तुलना केली जाते. साम्य लक्षणीय असले, तरी एकाने दुसऱ्याकडून ती घेतली असे मानण्यास आधार नाही.

प्रतिबंधक उपाय : मुख्य उपाय अग्नी. नाताळच्या पूर्वसंध्येला मोठा ओंडका चुलीत घालून बारा दिवस विस्तव तेवत ठेवतात. काही भागांत एक सरळ व एक आडवे अशी दोन वेगळ्या झाडांची लाकडे एकत्र लावतात आणि या कृतीला ‘विस्तवाचे लग्न’ म्हणतात. विस्तवात मीठ किंवा जुने जोडे टाकतात; मिठाचा तडतडाट आणि कातड्याची दुर्गंधी दोन्ही पिशाचांना असह्य. उरलेली राख नंतर शेतात व घराभोवती टाकतात. दारावर काळा क्रूस काढणे, डुकराच्या जबड्याचे हाड टांगणे आणि उंबऱ्यावर चाळण ठेवणे हेही उपाय रूढ होते. चाळणीची भोके मोजत बसणारा कालिकांजारोस ‘तीन’ हा पवित्र आकडा उच्चारू शकत नाही, त्यामुळे पुन्हा एकपासून आरंभ करतो आणि तेवढ्यात उजाडते. सायप्रसमध्ये ५ जानेवारीला पिठाची तळलेली पक्वान्ने व सॉसेजचे तुकडे छपरावर फेकतात आणि खाऊन निघून जा असे गाण्यातून बजावतात. येथे हाकलण्याऐवजी तृप्त करून निरोप देण्याची पद्धत आहे. मृतांना अन्न देण्याच्या प्रथांशी तिचे नाते असावे, असे काही अभ्यासक मानतात.

मानवी कालिकांजारोस : पिशाचयोनीबरोबरच काही माणसेही कालिकांजारी होतात, ही समजूत वेगळ्या वजनाची आहे. तिची सर्वांत महत्त्वाची साक्ष खिओस बेटाची. तेथे जन्मलेला व बालपणीच इटलीत गेलेला विद्वान लेओ अलातियस (सु. १५८६–१६६९, पुढे व्हॅटिकनचा ग्रंथपाल) याने १६४५ मध्ये कोलोन येथे छापलेल्या, तत्कालीन ग्रीकांच्या समजुतींवरील लॅटिन पत्ररूप ग्रंथात हे वर्णन दिले आहे. नाताळच्या सणाच्या दिवसांत जन्मलेले मूल कालिकांजारोस होण्याचा धोका असतो, म्हणून त्याचे तळपाय विस्तवाजवळ धरून नखे पोळवीत. नखे नसली की रूपांतर होत नाही, असा समज. अशी बाधा झालेला मनुष्य भेटेल त्याला ‘काथ्या की शिसे?’ असे विचारतो. ‘काथ्या’ म्हणणारा सुटतो, ‘शिसे’ म्हणणारा मार खातो. अलातियस कॅथलिक होता व रोममधून लिहीत होता. त्याचा मजकूर काही अंशी बालपणीच्या आठवणींवर बेतलेला असणार. तरीही नखे पोळण्यासारखा तपशील ऐकीव कल्पनेपेक्षा प्रत्यक्ष प्रथेकडेच निर्देश करतो. चर्चच्या दृष्टीने यामागचा तर्क असा, की ख्रिस्ताच्या जन्माच्या दिवशी जन्मणे म्हणजे, पर्यायाने, त्याच्या गर्भधारणेच्या दिवशी गर्भ राहणे. तो आईबापांचा अतिक्रम आणि त्याचे फळ मुलाच्या वाट्याला.

उत्पत्तीविषयक मते : याबाबत गेल्या दीडशे वर्षांत बरेच लिहिले गेले असून त्यातील प्रमुख मते पुढीलप्रमाणे मांडता येतात.

बर्नहार्ट श्मिट याने १८७१ मध्ये हे नाव तुर्की ‘काराकोंजोलोस’वरून आल्याचे सुचवले. आता सामान्यतः उलट दिशेचा, म्हणजे ग्रीकमधून तुर्की व स्लाव्ह भाषांत गेल्याचा, प्रवास अधिक संभवनीय मानला जातो.

केंब्रिजचा अभ्यासक जे. सी. लॉसन याने १९१० मध्ये कालिकांजारींचे मूळ प्राचीन सेंटॉरांत (किन्नरांसारख्या अर्ध-अश्व, अर्ध-मानव जमातीत) शोधले. नावाचा उत्तरार्ध ‘केंताव्रोस’चा अपभ्रंश असून पूर्वपद ‘कालोस’ (चांगला) हे भयंकराला गोड नाव देण्याच्या रीतीतून आले, असे त्याचे प्रतिपादन. पिशाचाला चांगले म्हणण्याची ही रीत ग्रीकांत जुनी आहे : सूड घेणाऱ्या देवतांना ‘एव्मेनिदेस’, म्हणजे कृपाळू, म्हटले जाई. सेंटॉरांचे निवासस्थान मानलेल्या पेलिओन पर्वताच्या परिसरात या समजुती दाट आढळतात, ही गोष्टही लॉसनने पुढे केली. मांडणी आकर्षक आहे, पण तिचा ध्वनिशास्त्रीय भाग कच्चा आहे. शिवाय प्राचीन साहित्यातील सेंटॉर ऋतूशी बांधलेले नाहीत. बारा दिवसांचा बंध हेच तर कालिकांजारींचे व्यवच्छेदक लक्षण.

ग्रीक लोकविद्येचे संस्थापक निकोलाओस पोलितिस (१८५२–१९२१) यांनी ही समजूत सोंगांच्या प्रथेशी जोडली. रोमन काळात जानेवारीच्या आरंभी (कालेंदाए) लोक कातडी पांघरून, मुखवटे चढवून रात्री घरोघर दंगा करीत. चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधिकाळात आशिया मायनरमधील आमासिआचा बिशप आस्तेरियस याने कालेंदाएविरुद्ध प्रवचन केले; ६९२ च्या त्रुलो परिषदेने (कॉन्स्टँटिनोपल येथील चर्चची परिषद) ६२ व्या नियमाने कालेंदाए, ब्रुमालिया (एक हिवाळी सण), स्त्री-पुरुषांचे वेषांतर आणि विनोदी, सातिर व शोकनाट्याचे मुखवटे यांवर बंदी घातली. बंदी पुनःपुन्हा घालावी लागली, यावरून प्रथेचा चिवटपणा दिसतो. अंधारात घरात शिरणारे हे केसाळ, गोंगाट करणारे सोंगाडे लोकांच्या मनात पिशाच बनले, असे हे मत. मॅसिडोनियातील कास्तोरियाचा रागुत्सारिया (६–८ जानेवारी), द्रामा भागातील कातडी व घंटा बांधलेल्यांच्या मिरवणुका आणि पोंतोसच्या निर्वासितांचा मोमोएरिया (कोझानी परिसरातील आठ गावे, २०१६ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश) याच दिवसांत होतात, ही त्याची बळकट बाजू. सोंगे पिशाचांचे अनुकरण करतात की पिशाचे सोंगांची स्मृती आहेत, हा क्रम मात्र पुराव्याने ठरत नाही.

चौथे मत अथेन्सच्या आन्थेस्तेरिया या सणाकडे वळते. या तीन दिवसांच्या सणात मृतांचे आत्मे वावरतात म्हणून लोक काटेरी झुडपाची पाने चघळत व दारांना डांबर फासत. अखेरीस ‘दाराबाहेर व्हा, केरेस, आन्थेस्तेरिया संपला’ असे म्हणण्याची रीत उत्तरकालीन कोशकारांनी नोंदवली आहे. ‘केरेस’ म्हणजे प्रेतात्मे. पण दुसरा पाठ ‘कारेस’, म्हणजे आशिया मायनरमधील कारिआचे लोक (सणापुरती मोकळीक मिळालेले गुलाम), असाही आहे, त्यामुळे या वाक्यावर मोठी इमारत उभारता येत नाही. डांबराचे दार आणि काळा क्रूस, हाकलण्याचे वाक्य आणि ५ जानेवारीची गाणी ही साम्ये विचार करायला लावणारी आहेत. परंतु हा सण फेब्रुवारी-मार्चमधील. द्राक्षरसाची नवी पिंपे फोडण्याचा. काळाचे हे अंतर या मताला ओलांडता आलेले नाही.

बारा दिवस म्हणजे चांद्रवर्ष (३५४ दिवस) व सौरवर्ष (या हिशोबात ३६६ दिवस) यांतील फरक भरून काढणारे, कोणत्याच महिन्यात न मोडणारे दिवस, हे मत जर्मन अभ्यासकांनी मांडले व जेम्स फ्रेझर यांनी प्रसृत केले. मराठी वाचकाला ते परिचित वाटेल, कारण त्याचा एक आधार ऋग्वेदात आहे : ऋभू (कुशल कारागीर देवता) अगोह्याच्या, म्हणजे सूर्याच्या, घरी बारा दिवस निद्रिस्त राहतात (४·३३·७). लोकमान्य टिळकांनीही ओरायन (१८९३) मध्ये ऋभूंच्या या निद्रेचा कालगणनेच्या दृष्टीने विचार केला आहे. वैदिक संदर्भापुरती ही उपपत्ती विचारार्ह आहे. ग्रीक दोदेकाइमेरोला ती लावण्यात मोठी अडचण अशी, की ग्रीकांची अधिकमासाची व्यवस्था पूर्ण महिन्याची होती, बारा दिवसांची नव्हे.

कालनिर्णय : या सर्व मतांत बारा दिवस गृहीत धरले जातात, पण ते ग्रीक जगात केव्हापासून आहेत हा प्रश्न आधी सोडवला पाहिजे. पूर्वेकडील चर्चमध्ये ख्रिस्ताचा जन्म व बाप्तिस्मा पूर्वी बहुधा एकत्रच ६ जानेवारीला साजरे होत. २५ डिसेंबरचा वेगळा नाताळ कॉन्स्टँटिनोपलमध्ये सु. ३८० व अँटिऑकमध्ये ३८६ च्या सुमारास रूढ झाला. म्हणजे दोन सणांमधली ही मोकळी जागा चौथ्या शतकाअखेर प्रथम निर्माण झाली. ख्रिस्त जन्मला आहे पण त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही. म्हणून पाणीही ‘अबाप्तिस्मित’, आणि तोवर जगावर संरक्षण नाही, असा लोकतर्क या जागेतच संभवतो. अकराव्या शतकात बायझंटाइन विद्वान मिखाइल प्सेलोस याने ‘बाबुत्झिकारिओस’ या रात्री दिसणाऱ्या पिशाचाची चर्चा केली असून या सणांच्या दिवसांशी त्याचा संबंध जोडणारी समजूत नोंदवली आहे. या नावाचे रूप मॅसिडोनियात अर्वाचीन काळापर्यंत टिकले. त्यामुळे पिशाचांचे रूप कितीही जुन्या थरांतून आलेले असो, त्यांना बारा दिवसांचे वेळापत्रक दिले ते चर्चच्या पंचांगाने, हे मत सर्वाधिक ग्राह्य वाटते.

या समजुतीचा अयनदिनाशी (हिवाळ्यातील सर्वांत लहान दिवसाशी) थेट संबंध जोडणाऱ्यांनी पंचांगाची सरक लक्षात घ्यावी. ज्यूलियन पंचांग मागे पडत गेल्याने अलातियसच्या काळी अयनदिन ज्यूलियन ११ डिसेंबरच्या सुमारास येई, आणि ऑर्थोडॉक्स नाताळ ग्रेगोरियन ४ जानेवारीला पडे. तेव्हा दिवस मोठा होऊ लागून दोन आठवडे उलटलेले असत. पिशाचे सूर्याबरोबर हलली नाहीत, सणाबरोबर राहिली. ग्रीस राज्याने १९२३ मध्ये (१५ फेब्रुवारीनंतर १ मार्च) व चर्चने १९२४ मध्ये स्थिर सणांसाठी पंचांग बदलले, तेव्हाही तेच घडले. आथोस पर्वतावरील मठ व जुने पंचांग पाळणारे लोक आजही १३ दिवस मागे असतात.

प्रस्थान : ५ जानेवारीला धर्मगुरू तुळशीच्या जातीतील ‘वासिलिकोस’ची जुडी व पवित्र जल घेऊन घरोघर फिरतो. ‘पळा, पळा, पाणी शिंपडणारा धर्मगुरू आला’ अशा आशयाच्या गाण्यांत कालिकांजारींची त्रेधा रंगवलेली असते. दुसऱ्या दिवशी नदी, सरोवर किंवा समुद्रात क्रूस टाकतात व तरुण तो बुडी मारून आणतात. अथेन्सजवळील पिरिअसच्या बंदरात हा सोहळा मोठा होतो. खलाशी या विधीपूर्वी समुद्रावर जाणे टाळीत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वीज आली, चुलीच्या जागी स्टोव्ह आले, खेडी ओस पडली आणि भीतीचा भाग ओसरला. आज कालिकांजारी मुख्यतः बालवाङ्मय, शालेय कार्यक्रम आणि नाताळच्या सजावटीत दिसतात. सोंगांच्या मिरवणुकांना मात्र नवे बळ मिळाले असून कास्तोरियासारख्या गावांत तरुणांचा सहभाग मोठा असतो.