वाडीतलं इटालियन आणि तिसऱ्यांवर चीज का नाही: थोडी पार्श्वभूमी

मालवणपासून थोडं आत, आमच्या वाडीत, एका जुन्या घराच्या पडवीत सहा टेबलांचं इटालियन चालतं. रोज संध्याकाळी खडूने फळा लिहितात, चार-पाच पदार्थ, संपले की संपले. त्या फळ्याच्या खाली एक ओळ कायम असते, ती कधी पुसत नाहीत: तिसऱ्यांच्या पास्त्यावर चीज मिळणार नाही. तिसऱ्या म्हणजे खाडीतले बारीक शिंपले. या एका ओळीवरून इथे जेवढी भांडणं झालीयेत तेवढी जेवणावरून झाली नसतील. पर्यटक तर सोडाच, वाडीतले लोकही विचारतात की पैसे आम्ही देतोय तर चीज द्यायला काय जातं. म्हणून ही ओळ आली कुठून, आणि मुळात कोकणात इटालियन जेवण पोचलं कसं, हे एकदा नीट लिहावंसं वाटलं.

फार जुनं थोडक्यात सांगतो. रोमन जहाजं पहिल्या शतकात आपल्या किनाऱ्यावर यायची, चौल तेव्हापासूनचं बंदर, आणि भडोचला उतरणाऱ्या मालात इटालियन वाइनला जास्त मागणी होती असं त्या काळच्या ग्रीक खलाशी-माहितीत नोंदलेलं आहे. पुढे 1510 ला रोममध्ये छापलेल्या एका प्रवासवर्णनात चौलचा उल्लेख येतो, लिहिणारा बोलोन्याचा. पण यातून जेवण काही आलं गेलं नाही. जेवणात खरा फरक पडला तो दोन्हीकडे एकाच सुमाराला, अमेरिकेतून निघालेल्या मालामुळे. मिरची आणि काजू पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले, टोमॅटो आणि मका इटलीत गेले. म्हणजे मिरचीशिवायचं मालवणी आणि टोमॅटोशिवायचं इटालियन हे दोन्ही पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी रोजचं होतं. आज ते डोळ्यासमोर आणणंही कठीण जातं.

आता नावाचा गुंता. इटली हा देश म्हणून 1861 ला एकत्र आला, रोम त्यात 1870 ला आलं. त्याआधी वेगवेगळी राज्यं, वेगळ्या बोली, वेगळी चूल. आज 20 प्रदेश आहेत आणि उत्तरेच्या लिगुरियातल्या माणसाला दक्षिणेच्या पुलियातलं जेवण घरचं वाटेलच असं नाही. 1891 मध्ये फ्लोरेन्समध्ये राहणाऱ्या एका व्यापाऱ्याने स्वतःचे पैसे घालून पाककृतींचं पुस्तक छापलं, ते पुढे घराघरात गेलं आणि एक इटालियन स्वयंपाक असा काहीतरी असतो ही कल्पना बऱ्याच अंशी त्याच्यामुळे रुजली. त्यातही उत्तरेचं आणि तोस्कानाचं जास्त, दक्षिणेचं कमी. आणि बरोबर त्याच काळात दक्षिणेतले लोक बोटी भरभरून अमेरिकेला चालले होते. 1880 ते 1920 च्या दरम्यान 40 लाखांच्या आसपास इटालियन तिकडे गेले. गावात असताना ते स्वतःला सिसिलीचे, कालाब्रियाचे म्हणायचे, न्यूयॉर्कला उतरल्यावर सगळे एकजात इटालियन झाले. मांस स्वस्त, चीज भरपूर, मग पदार्थही जड होत गेले. जगाला जे इटालियन माहिती आहे ते बरंचसं या घर सोडून गेलेल्यांचं आहे.

हे वाचलं तेव्हा मला पहिलं आठवलं ते गिरणगाव. कारण मालवणी या शब्दाचं अगदी हेच झालंय. माझ्या आजीने आयुष्यात कधी मालवणी जेवण हा शब्द वापरला नाही, ती म्हणायची माशाची कढी, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, सार. वेंगुर्ल्याचं वेगळं, देवगडचं वेगळं, सारस्वतांच्या घरातलं वेगळं, गाबितांच्या घरातलं वेगळं. मालवणी ही पाटी तयार झाली मुंबईत. परळ, लालबागला गिरणीत कामाला गेलेले आमचे आजोबा-काका दहा-बारा जण एका खोलीत राहायचे, दोन पाळ्यांत झोपायचे आणि जेवायचे खानावळीत. त्या खानावळी बायका चालवायच्या, स्वतःच्या दहा बाय बाराच्या खोलीत, महिन्याच्या हिशोबावर, आणि किराणा उधारीवर. 1975 ला या बायकांनी मुंबईत आपली संघटना केली ती सावकारी व्याजातून सुटायला. मग जानेवारी 1982 ला संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, महिन्याचे पैसे थांबले, आणि खानावळीचं गणितच मोडलं. बऱ्याच बंद पडल्या. काही जणी टिकल्या त्या बाहेरच्या गिऱ्हाइकावर, ऑफिसवाल्यांवर, आणि बाहेरच्याला सांगायचं तर एक नाव लागतं. तिखलं म्हटलं तर त्याला कळत नाही, मालवणी म्हटलं की कळतं. पुढे तीच पाटी एसटीने आणि रेल्वेने परत कोकणात आली आणि आज मालवणातच मालवणी थाळी असे बोर्ड लागलेत.

योगायोग बघा, त्याच 1982 साली ऑक्टोबरमध्ये बोलोन्यात एका संस्थेने तिथल्या खिम्याच्या रस्स्याची, रागूची, अधिकृत कृती व्यापारी मंडळात नोंदवून ठेवली. ताल्यातेल्ले या पास्त्याच्या पट्ट्यांची रुंदी तर त्याआधीच, 1972 ला, शिजल्यावर 8 मिलिमीटर अशी ठरवून टाकली होती. बाहेर आपल्या नावावर काहीही खपवलं जातंय म्हणून घरच्यांनी घातलेलं ते कुंपण. मला यात हट्टापेक्षा काळजी जास्त दिसते. गिरणगावातल्या खानावळीची कृती अशी कोणी नोंदवून ठेवली असती तर आज तिरफळाशिवायचं बांगड्याचं तिखलं ताटात आलं नसतं.

आपल्या देशात इटालियन आलं ते मात्र अमेरिकेच्या वाटेने. 1996 ला परदेशी पिझ्झा साखळ्यांची पहिली दुकानं उघडली, दहा-पंधरा वर्षांत तालुक्याच्या गावापर्यंत रेड सॉस-व्हाइट सॉस पोचलं. ढोबळी मिरची, मका, वरून भरपूर प्रोसेस्ड चीज. मी कणकवलीला कॉलेजात होतो तेव्हा तेच खाल्लं आणि आवडीने खाल्लं, त्याबद्दल वाईट बोलणार नाही. पण त्यामुळे एक समज पक्का झाला, इटालियन म्हणजे चीज. फळ्यावरच्या त्या ओळीचं भांडण खरं तर या समजाशी आहे.

कोकणातला भाग वेगळ्या रस्त्याने घडला. 1997 ला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, घराघरात न्याहरी निवास निघाले. उत्तर गोव्यात इटालियन लोकांनी येऊन छोटी हॉटेलं चालवलेली, तिथे सावंतवाडी, बांदा, दोडामार्गची पोरं कामाला जायची, भांडी घासायला म्हणून लागायची आणि चार हंगामांनी पीठ मळायची. आणि दुसरे बोटीवरचे. आमच्याकडे प्रत्येक वाडीत एखादा तरी बोटीवर असतोच. आमचा हा स्वयंपाकी तसाच, पर्यटक जहाजाच्या किचनमध्ये अकरा वर्षं, त्यातली बरीचशी पुलियाच्या एका म्हाताऱ्या स्वयंपाक्याच्या हाताखाली. मार्च 2020 ला जहाजं बंद झाली, तो घरी आला, परत बोलावणं आलं तेव्हा गेला नाही. आई आणि बायकोला घेऊन पडवीत टेबलं मांडली.

त्याने पाटीवर रेस्टॉरंट लिहिलं नाही, त्रात्तोरिया लिहिलं. इटलीत ओस्तेरिया म्हणजे मूळची वाइनची जागा, जेवण लोक आपलं आपण बांधून आणायचे, रिस्तोरांते हे फ्रेंचांकडून आलेलं थाटाचं, आणि त्रात्तोरिया म्हणजे घरातली माणसं चालवतात ते, जे शिजेल ते. आता तिकडेही या पाट्या सरमिसळ झाल्यात. आपल्याकडे याला सरळ शब्द आहे, खानावळ. मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं की खानावळ लिही. तो म्हणाला लोक मग थाळी मागतील, सगळं एकदम ताटात मागतील, आणि इथे एकामागून एक येतं. त्याचंही बरोबर होतं, पहिले सहा महिने बहुतेक टेबलांवरून भात कधी येणार हे विचारलं जायचं.

पदार्थ बघितले तर परकं फार कमी वाटतं. जेनोवाकडची फारिनाता म्हणजे बेसन, पाणी, तेल, मीठ, भट्टीत भाजलेलं, आपल्या बेसनाच्या पोळ्याची जाडसर बहीण. तिकडचा फार्रो म्हणजे खपली गहू. व्हेनेतोमध्ये बिगोली नावाच्या जाड शेवया बाकावर बसून दांडा फिरवत साच्यातून दाबून काढतात, ते मी व्हिडिओत पाहिलं आणि आईला दाखवलं, ती लगेच म्हणाली हे तर शिरवाळे. पुलियाचे ते कानाच्या आकाराचे पास्ते याची आई बन्सी रव्याचे करते, अंगठ्याने दाबून, आणि आता तिचा हात मुलापेक्षा जास्त बसलाय.

आणि आता तिसऱ्या. एका संध्याकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सगळं बघितलं. तिसऱ्या दुपारपासून मिठाच्या पाण्यात ठेवलेल्या, वाळू सोडायला. देणाऱ्या मावशीने आधीच सांगितलेलं, आज तिसऱ्यो बारीक हत. आपल्याकडे त्या विळीवर एकेक उघडतात, मांस एका शिंपीत ठेवतात म्हणून ती एकशिपी, आणि उघडताना निघणारं पाणी खाली वाडग्यात धरतात कारण चव सगळी त्या पाण्यात. याने उघडल्या नाहीत. पसरट कढईत तेल, ठेचलेली लसूण, एक सुकी मिरची, लसूण लाल व्हायच्या आत तिसऱ्या ओतल्या, थोडी पांढरी वाइन, वर झाकण. दोन-तीन मिनिटांत आतून टकटक आवाज यायला लागला. झाकण काढलं तर सगळ्या उघडलेल्या आणि तळाला ते राखाडी खारट पाणी. न उघडलेल्या चार काढून टाकल्या. अर्धवट शिजवलेली स्पॅगेटी त्या पाण्यात घातली, पास्ता उकळलेलं पिठूळ पाणी पळीभर, आणि कढई हलवत राहिला, तेल-पाणी मिळून येऊन दाटसर होईपर्यंत. क्रीम नाही, मैदा नाही. मीठसुद्धा घातलं नाही. खाल्लं तर तोंडात खाडी.

यावर चीज किसलं तर काय होतं तेही त्याने मला करून दाखवलं, अर्धी प्लेट वेगळी काढून. खाडी गेली. नुसतं खारट आणि दुधट राहिलं.

इटलीत हा नियम कोणी कायद्याने केलेला नाही. कारणं वेगवेगळी सांगतात. एक म्हणजे मेंढपाळ डोंगरात आणि कोळी किनाऱ्यावर, चीज आणि मासा एका घरात फारसे भेटायचेच नाहीत. दुसरं धार्मिक, ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत जुन्या काळी मांसाबरोबर दूध, चीज, अंडी हे सगळं बंद आणि मासा मात्र चालायचा, म्हणजे दोघांचे दिवसच वेगळे. तिसरं साधं चवीचं. मला तिसरं पुरेसं वाटतं. आणि आपल्याला तर हे समजावून सांगायची गरजच पडू नये, कारण चरकापासून मासे आणि दूध विरुद्ध आहार म्हणून सांगितलेत, आणि घरात आजीचं रोजचं वाक्य होतं, मासे खाल्ल्यार दूध पियाचा नाय, कोड येतला. कोडाचा आणि याचा काही संबंध नाही हे डॉक्टर सांगतात आणि ते खरं आहे, पण जिभेची सवय पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. आपण माशात घालतो ते नारळाचं दूध.

विरोधातला मुद्दाही सांगतो, तो खोटा नाही. मुंबईच्या एका गिऱ्हाइकाने वाद घालताना पुलियाचंच उदाहरण दिलं. तिथे तियेल्ला म्हणून पदार्थ आहे, तांदूळ, बटाटे आणि खडकावरचे मोठे शिंपले (मसल्स) थरावर थर लावून भट्टीत घालतात आणि त्यात मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज असतंच. भरलेल्या शिंपल्यांतही असतं. म्हणजे ज्या प्रदेशातून याचा गुरू आला तिथेच अपवाद आहे. स्वयंपाकी गप्प बसला, दुसऱ्या दिवशी त्याने ओळ बदलली. आधी होतं, माशांवर चीज मिळणार नाही. आता आहे, तिसऱ्यांच्या पास्त्यावर. आणि हिवाळ्यात खडपातले शिंपले मिळाले की तियेल्ला करतो, चीज घालून. मला हा बदल त्या मूळ नियमापेक्षा जास्त आवडला.

इंटरनेटवर त्यांना या एका ओळीसाठी कमी स्टार मिळालेत, उर्मट, गिऱ्हाइकाला शिकवतात वगैरे. त्याच्या बायकोला त्याचा खूप त्रास झाला, एक काळ ती ओळ पुसून टाकायच्या विचारात होती. त्यातून वाट काढली ती पावाने. दक्षिण इटलीत ज्यांना चीज परवडायचं नाही ते शिळ्या पावाचा चुरा तेलात खमंग भाजून पास्त्यावर घालायचे, सिसिलीत तारल्यांच्या पास्त्यावर आजही तोच घालतात. आपल्या बेकरीचा पाव दोन दिवस सुकवून, चुरून, लसणीच्या तेलात लाल करून आता टेबलावर वाटी येते. कुरकुरीत लागतं आणि खाडी तशीच राहते.

चीजच्या बाबतीत अलीकडे आणखी एक गोष्ट झाली. खऱ्या पार्मेजान चीजला वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करायचं विरजण, लागतं, म्हणजे ते शाकाहारी नाही, आणि हे न सांगता बऱ्याच ठिकाणी शाकाहारी लोकांना वाढलं जातं. एका जैन कुटुंबाने विचारल्यावर याने डबा तपासला आणि त्या दिवसापासून बंद केलं. शाकाहारी रेनेटचं देशी चीज आणतो आणि त्याला पार्मेजान म्हणत नाही.

1 जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते तेव्हा फळा समुद्र सोडून उत्तरेला सरकतो, रिझोट्टो, चवळी घातलेला पास्ता, मक्याचा पोलेंता. श्रावणात नारळी पुनवेपर्यंत मांस-मासे पूर्ण बंद. त्या दिवसांत खालची ओळ कशाला ठेवता असं मी विचारलं होतं. त्याची आई म्हणाली असू दे, नारळी पुनव झाली की परत लागणारच हा.