पक्षाघातानंतरच्या पोषणसमस्या

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडला किंवा तिथली रक्तवाहिनी फुटली की पक्षाघात होतो. बोलीत लकवा किंवा अर्धांगवायू. लुळा पडलेला हात सगळ्यांना दिसतो. गिळण्याची क्रियाही मेंदूच चालवतो, हे मात्र घरच्यांना बहुधा पहिल्या घोटाला ठसका लागल्यावर कळते. सुरुवातीच्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळायला त्रास होतो. पुष्कळांचा तो काही आठवड्यांत ओसरतो. पण तेवढ्यात अंगातले पाणी आटते, वजन उतरते, दंडाचे मांस झडते आणि व्यायामोपचाराला लागणारी ताकदच उरत नाही.

घास श्वासनलिकेत उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. दर वेळी ठसका लागतोच असे नाही. पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता झाला तरी सावध व्हावे. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नये, गोळीसुद्धा नाही.

गोव्यात नेमकी इथेच मायेपोटी चूक होते. आजाऱ्यासाठी आधी चुलीवर चढते ती उकड्या तांदळाची पेज. पोटाला ती हलकी खरी, पण गिळायला अवघड. एकाच चमच्यात पातळ पाणी आणि शिते असतात. शिते चावेपर्यंत पाणी घशाकडे धावते आणि सैल पडलेल्या घशाला ते आवरत नाही. तीच पेज शितांसकट मिक्सरमधून काढून एकजीव, दाटसर केली की पुष्कळांना चालते. गुठळ्या न होऊ देता शिजवलेले नाचणीचे सत्त्व त्याहून सोयीचे. दाटपणा किती हवा, हे वाचा-गिळण उपचारतज्ज्ञाने रुग्णाला तपासून ठरवायचे असते. नुसत्या पेजेवर दिवस काढले तर प्रथिने कमी पडतात. त्यासाठी घोटलेले वरण, दही किंवा काटे नीट काढून कालवलेले मऊ मासे द्यावेत.

पेजेसोबतचा खारा बांगडा आणि चेपणीची तोरां, म्हणजे मिठात मुरवलेल्या कैऱ्या, मात्र बंद करावीत, रुग्णाने कितीही मागितली तरी. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मिठाची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी आहे. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध चालू असेल तर तांबड्या भाजीसारख्या पालेभाज्यांचे प्रमाण एकदम वाढवू किंवा तोडू नये.

भरवताना रुग्णाला ताठ बसवावे, अर्धा चमचाच द्यावा आणि आधीचा घास उतरल्याशिवाय पुढचा देऊ नये. लुळ्या गालात अन्न साठून राहते, म्हणून जेवणानंतर तोंड स्वच्छ करावे आणि अर्धा तास आडवे करू नये. तोंडाने पुरेसे जात नसेल तर नाकातून नळी घालतात. गरज लांबली तर पोटातून. नळीला घरची माणसे घाबरतात, पण ती बहुतेकांना तात्पुरतीच लागते.

कधी गिळणे ठीक असूनही जेवण अर्धवट राहते. मन खचलेले असते. किंवा लघवीला उठवायला कुणाला सांगायचे, या संकोचाने माणूस पाणीच पीत नाही. हे विचारल्याशिवाय तो सांगत नाही. काहींच्या नजरेतून एक बाजूच निसटते: ताटातला उजवीकडचा भात संपतो, डावीकडची भाजी तशीच राहते आणि घरचे म्हणतात, भूक मेली. ताट फिरवून ठेवले की तो उरलेलेही जेवतो.