चष्मा हेही रोजगार धोरणच

वयस्क कामगारांचा विषय निघाला की चर्चा निवृत्तीच्या वयावर येऊन अडते. चीनने २०२५ पासून पुरुषांसाठी ते ६० वरून ६३ कडे न्यायला सुरुवात केली. व्हिएतनामने त्याआधीच, २०२१ पासून, ६२ कडे. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातले सुमारे २ अब्ज लोक, म्हणजे काम करणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक, असंघटित कामात आहेत. त्यातले बहुतेक विकसनशील देशांतले. रोजंदारीवरच्या मजुराला, स्वतःच्या शेतात राबणाऱ्याला निवृत्त करणार कोण? हातपाय चालतात तोवर काम!

मग अशांसाठी सरकारने करायचं काय? एक उत्तर फारच साधं आहे. चाळिशीच्या आसपास डोळ्यातलं भिंग ताठर होऊ लागतं आणि जवळचं धूसर दिसतं. चहा खुडताना कोवळी दोन पानं आणि कळी नेमकी हेरावी लागते, तिथे हे थेट मजुरीला भिडतं. आसामच्या मळ्यांतल्या चाळिशीपुढच्या ७५१ कामगारांपैकी निम्म्यांना जवळचा चष्मा फुकट दिला गेला. कोणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं. त्यांची रोजची खुडणी सरासरी २५ किलोवरून जवळपास ३५ किलोवर गेली. चष्मा न मिळालेल्यांचीही वाढली, पण २६ वरून साडेतीसपर्यंतच. हा फरक वजा जाता निव्वळ फायदा सुमारे २२ टक्क्यांचा, आणि पन्नाशीपुढच्यांत त्याहून बराच जास्त. २०१८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे बांगलादेशातल्या अशाच प्रयोगात चष्म्याने लोकांची मासिक कमाई सुमारे एक तृतीयांशाने वाढली. चष्म्याची किंमत बघता इतकी परतफेड देणाऱ्या सरकारी योजना मला तरी फारशा आठवत नाहीत.

म्हातारे काम करत राहिले तर तरुणांनी काय करायचं, हा आक्षेप ठरलेला. कामं मोजकीच असतात आणि ती वाटून घ्यायची असतात, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. १२ श्रीमंत देशांच्या आकडेवारीत तरी याला आधार सापडला नाही.

मात्र चष्म्याने गुडघे सुधारत नाहीत. ज्याला थांबायचंय त्याला थांबता यावं, यासाठी वर्गणी न भरताही मिळणारी पेन्शन लागते, आणि ती गरीब देशांना झेपतच नाही असं नाही. आफ्रिकेतल्या लेसोथोसारख्या छोट्या देशाने २००४ मध्ये ती स्वतःच्या तिजोरीतून सुरू केली. वयाची अट मात्र ठेवली ७०, आणि एचआयव्हीच्या साथीमुळे तिथलं सरासरी आयुर्मान तेव्हा पन्नाशीच्याही खाली घसरलं होतं.