आठवड्याला ६८४ डॉलर: एका रेषेची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या ऑफर लेटरवर ‘एक्झेम्प्ट’ (नियमातून वगळलेला) हा शब्द दिसला की बहुतेक जण ‘पगारी नोकरी, म्हणजे ओव्हरटाइम नाही’ असं समजून सही करतात. ते अर्धंच बरोबर आहे. पगार ठरलेला आहे एवढ्यावर ओव्हरटाइमचा हक्क जात नाही. पगार निदान एका ठरावीक आकड्याएवढा (सध्या आठवड्याला ६८४ डॉलर) हवा आणि कामही खरोखर साहेबाचं हवं. (डॉक्टर, वकील, शिक्षक यांना पगाराची अट नाही.) आपल्या आयटीवाल्यांचा इथे आणखी एक घोळ होतो. एच-वन-बी व्हिसाच्या नियमांतही ‘एक्झेम्प्ट’ हाच शब्द आहे आणि तिथला वर्षाला ६०,००० डॉलरचा आकडा १९९८ पासून जागचा हललेला नाही. पण ती सवलत कंपनीला आहे: एवढा पगार दिला, की व्हिसावरचे कर्मचारी फार असलेल्या कंपनीला काही जादा हमीपत्रं द्यावी लागत नाहीत. ओव्हरटाइमशी त्याचा काडीचा संबंध नाही. हे टिपण ओव्हरटाइमवाल्या आकड्याचं.

ओव्हरटाइमच्या १९३८ च्या मूळ कायद्यात पगाराचा ‘प’सुद्धा नाही. खऱ्याखुऱ्या कार्यकारी, प्रशासकीय किंवा व्यावसायिक पदावरच्या माणसाला ओव्हरटाइम लागू नाही, एवढंच तो म्हणतो. ‘खराखुरा’ कोण, ते कामगार खात्याने ठरवायचं. खात्याने त्याच वर्षी आठवड्याला ३० डॉलरचा आकडा घातला. त्यामागचा हिशेब साधा होता. पदाची पाटी फुकट लावता येते, पगार फुकट देता येत नाही. ज्याला तुम्ही मॅनेजर म्हणता त्याला मॅनेजरसारखं मोजून द्या, मग मानू.

पुढे आकडा अधूनमधून वाढत गेला. १९४९ मध्ये एकाच्या दोन कसोट्या झाल्या, आणि आजचा सगळा गुंता समजायला त्याच लक्षात ठेवाव्या लागतात. ‘लांब’ कसोटीत पगाराची अट कमी, पण कामाची तपासणी कडक: साहेबाने हाताखालच्यांचं काम स्वतः करण्यात २० टक्क्यांहून जास्त वेळ घालवायचा नाही. (दुकानं-हॉटेलांसाठी ही मर्यादा नंतर ४० टक्के झाली.) ‘आखूड’ कसोटीत पगार बराच जास्त, म्हणून तपासणी सैल. १९७५ मध्ये लांब कसोटीला १५५ डॉलर (व्यावसायिकांना १७०) आणि आखूडला २५० डॉलर ठरले. हे आकडे तात्पुरते म्हणून लावले होते. ते २९ वर्षं टिकले. १९९१ मध्ये किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलर झालं, म्हणजे ४० तासांचे १७० डॉलर. दुकानात झाडू मारणारा पोऱ्याही पगाराच्या बाबतीत लांब कसोटी पास! अर्थात ती कसोटी कागदावर उरली आणि सगळे आखूडकडे वळले.

मग आला २००४ चा निर्णय. माझ्या मते मूळ दुखणं तिथे आहे. भांडणं नंतरच्या वाढीवरून झाली, ही गोष्ट वेगळी. खात्याने दोन्ही कसोट्या मोडून एक केली. दोन कसोट्यांनी गोंधळ होतो, लांब कसोटी मेलेलीच आहे, हे कारण खोटं नव्हतं. पण एकत्र करताना घेतलं काय? कामाची तपासणी आखूडची, म्हणजे सैल, आणि पगार ४५५ डॉलर, म्हणजे महागाई धरली तर लांब कसोटीच्याही खालचा. दोन्ही बाजूंनी मालकाला सोयीचं तेवढंच उचललं गेलं. टक्केवारीची मर्यादा गेली आणि तिच्या जागी ‘मुख्य काम’ आलं. किरकोळ विक्रीच्या दुकानातल्या असिस्टंट मॅनेजरचं उदाहरण नियमातच आहे: तो गिऱ्हाईक बघतो, फडताळं भरतो, साफसफाई करतो, तरी मुख्य काम व्यवस्थापनाचं असेल तर ओव्हरटाइम नाही. सकाळी शटर उघडण्यापासून रात्री फरशी पुसण्यापर्यंत ६० तास भरले, तरी तो साहेबच.

२०१४ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी खात्याला फेरविचार करायला सांगितलं. २०१६ मध्ये आकडा ९१३ डॉलर झाला, म्हणजे दुप्पट, शिवाय दर तीन वर्षांनी आपोआप वाढ. अंमल १ डिसेंबरला. २२ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दोन दिवस आधी, टेक्ससमधल्या एका फेडरल न्यायालयाने देशभर स्थगिती दिली. तोवर कित्येक कंपन्यांनी पगारवाढीची पत्रं देऊन टाकली होती. न्यायालयाचं म्हणणं असं: कायदा काम पाहायला सांगतो, सुमारे ४२ लाख लोकांचं काम तसूभर न बदलता नुसत्या आकड्याने त्यांचा दर्जा बदलत असेल, तर पगाराने कामाला गिळलं. तर्क देखणा आहे. पण काम तपासायची फूटपट्टी २००४ मध्येच सैल केली होती, आणि पगाराची अट त्याचीच भरपाई करू पाहत होती, हा धागा त्यात सुटतो. २०१७ मध्ये नियम रद्द झाला. २०२० पासून नव्या सरकारचा ६८४ डॉलर लागू झाला.

२०२४ मध्ये तेच नाटक, पात्रं थोडी वेगळी. १ जुलैला ८४४ डॉलर, पुढच्या १ जानेवारीला १,१२८ होणार होते. सप्टेंबरमध्ये अपील न्यायालयाने ६८४ च्या नियमावरच्या खटल्यात सांगितलं, की पगाराची अट घालायचा अधिकार खात्याला आहे, मात्र अमर्याद नाही. १५ नोव्हेंबरला पूर्व टेक्ससच्या न्यायालयाने त्यातलं ‘मात्र’ उचललं आणि जुलैचा टप्पाही रद्द केला. जुलैत ओव्हरटाइम मिळवलेला माणूस साडेचार महिन्यांत पुन्हा ‘एक्झेम्प्ट’. आकडा परत ६८४.

६० तासांचा आठवडा धरला तर हे तासाला ११ डॉलर ४० सेंट पडतात. कॅलिफोर्नियात राज्याचा स्वतःचा नियम आहे: किमान वेतनाच्या दुप्पट पगार, २०२६ साठी वर्षाला ७०,३०४ डॉलर, आणि अर्ध्याहून जास्त वेळ खरोखर साहेबाच्या कामात गेला पाहिजे. टेक्ससमध्ये त्याच साखळीच्या दुकानात, त्याच पाटीच्या माणसाला ३५,५६८ पुरतात.