रणगाडा आणायचा कुठून, कॅमेरा ठेवायचा कुठे?

युद्धपटात रणगाडा दिसतो तो बहुधा बाहेरून, धूळ उडवत येणारं धूड म्हणून. आत चार-पाच माणसं आहेत आणि त्यातला एक जण ते चालवतो आहे, हे दाखवायला सिनेमाला बराच काळ लागला. ड्रायव्हरची जागा पुढच्या पोटात असते. झाकण बंद झालं की त्याचं जग पेरिस्कोपपुरतं उरतं. तिथे माणूसच अंग चोरून बसतो, कॅमेरा कसा मावणार? या चित्रपटांचा इतिहास बराचसा दोन अडचणींनी घडवला आहे: चालता रणगाडा मिळवणं आणि त्याच्या आत शिरणं.

ब्रिटिशांचे रणगाडे 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर प्रथम लढले आणि जानेवारी 1917 मध्ये सरकारी युद्धपटातून लोकांसमोर आले. त्या मार्क-1 मध्ये आठ जण असत. गाडी वळवायला चौघं लागत: ड्रायव्हर, ब्रेक सांभाळणारा कमांडर आणि दोन्ही बाजूंच्या साखळीपट्ट्यांचे गिअर बदलणारे दोघे. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू जात नसे, म्हणून ड्रायव्हर इंजिनाच्या आवरणावर ठोकून खूण करी. यातलं पडद्यावर काहीच आलं नाही. हाताने फिरवायचा तिकाटण्यावरचा कॅमेरा आणि आतला अंधार पाहता ते येणं शक्यही नव्हतं.

रणगाड्याला घर मानून त्याभोवती गोष्ट रचणारा सुरुवातीचा ठळक चित्रपट म्हणजे 1943 चा 'सहारा'. कल्पना मिखाईल रोम यांच्या सोव्हिएत 'द थर्टीन'वरून घेतलेली, गाडी मात्र अमेरिकी एम-3. तिची 75 मिमीची मुख्य तोफ टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या बुरुजात, नसून उजव्या कुशीत आहे आणि ती मर्यादित कोनातच फिरते. त्या कोनाबाहेरचं लक्ष्य साधायचं तर ड्रायव्हरलाच अख्खा रणगाडा वळवावा लागतो. म्हणजे नेम अर्धा त्याच्या हातात! पटकथाकारांना यातलं नाट्य फारसं दिसलेलं नाही.

ट्रक आणि रुग्णवाहिकांचे चित्रपट या बाबतीत पुढे गेले, कारण केबिनला काच असते आणि ड्रायव्हरचा चेहरा दिसतो. 1952 चा 'रेड बॉल एक्स्प्रेस' फ्रान्समधल्या त्याच नावाच्या ट्रकसेवेवर आहे. ऑगस्ट ते नोव्हेंबर 1944 या काळात तिने आघाडीला इंधन आणि दारूगोळा पुरवला. तिचे सुमारे तीन चतुर्थांश ड्रायव्हर कृष्णवर्णीय होते, तरी चित्रपटाचा नायक गोरा लेफ्टनंट आहे. सिडनी पॉइटिए दुय्यम भूमिकेत.

गाडी चालवण्याचं काम खऱ्या अर्थाने दाखवलं ते 1958 च्या 'आइस कोल्ड इन ॲलेक्स'ने. लिबियात चित्रित झालेल्या या चित्रपटात ऑस्टिन के-2 रुग्णवाहिका 1942 साली तोब्रुकहून अलेक्झांड्रियाकडे निघते. गाजलेला प्रसंग वाळूच्या चढाचा आहे. इंजिनाच्या जोरावर चाकं नुसती फिरून रुतत जातात, म्हणून स्पार्क प्लग काढले जातात. त्यामुळे सिलिंडरमधला दाब जातो आणि स्टार्टिंग हँडल हाताने फिरवता येतं. मग गाडी उलटी करून, सर्वात जास्त जोर देणाऱ्या रिव्हर्स गिअरमध्ये, हँडल मारत इंच-इंच वर चढवली जाते. यातली मेख अशी की हँडल गाडीच्या नाकाला आणि नाक उताराकडे. हँडल मारणारा माणूस गाडीच्या खालच्या बाजूला उभा असतो, आणि प्लग काढल्यामुळे इंजिनाचा दाब गाडीला अडवत नाही. हँडल सुटलं की सगळं खाली. चित्रपटात ते सुटतंच, आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

साठच्या दशकात भव्य युद्धपट आले आणि रणगाड्यांची टंचाई उघडी पडली. चालते जर्मन रणगाडे जवळजवळ उरले नव्हते; ज्या देशाचं सैन्य गाड्या देईल तिथे चित्रीकरण होई. 1965 च्या 'बॅटल ऑफ द बल्ज'मध्ये स्पॅनिश सैन्याचे अमेरिकी एम-47 रणगाडे जर्मन किंग टायगर म्हणून वावरतात. युगोस्लाव्हियात सोव्हिएत टी-34 वर पत्र्याची कवचं चढवून जर्मन टायगर बनवले गेले. 'बॅटल ऑफ नेरेत्वा'साठी केलेल्या या गाड्या 1970 च्या 'केलीज हीरोज'मध्येही दिसतात. ओळखायला चाकं पाहावीत. टी-34 ला दर बाजूला पाच मोठी चाकं आणि पट्टा ओढणारं दातेरी चाक मागे. खऱ्या टायगरची चाकं एकमेकांवर चढलेली, दातेरी चाक पुढे. वरचं कवच बदलता येतं, चाकं बदलणं म्हणजे नवी गाडी बांधणं. 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन'मधले टायगरही टी-34 वरच बेतलेले होते.

आत शिरण्याची हिंमत उशिरा आली. 1988 चा 'द बीस्ट' अफगाणिस्तानात वाट चुकलेल्या सोव्हिएत रणगाड्याची गोष्ट सांगतो आणि त्याचा नायक ड्रायव्हर आहे, ही दुर्मीळ गोष्ट. चित्रीकरण इस्राएलमध्ये झालं, गाडी अरब सैन्यांकडून जिंकून सुधारलेली. सॅम्युएल माओझ यांच्या 'लेबनॉन'ने (2009) टोक गाठलं: सुरुवात आणि शेवट सोडला तर प्रेक्षक 1982 च्या लेबनॉन युद्धातल्या एका इस्राएली रणगाड्यातच अडकतो आणि बाहेरचं जग गनरच्या दुर्बिणीतून पाहतो. दिग्दर्शक स्वतः त्या युद्धात गनर होता. व्हेनिसला चित्रपटाला सुवर्णसिंह मिळाला.

हिंदीत 'बॉर्डर'ने (1997) लोंगेवालाचे रणगाडे दाखवले, पण लक्ष्य म्हणून. मऊ वाळूत रुतलेल्या गाडीत ड्रायव्हरचं काय होतं, तिकडे कॅमेरा वळला नाही. 'पिप्पा'त (2023) रणगाड्यातलं दल केंद्रस्थानी आलं. त्यांचा पीटी-76 रणगाडा सुमारे 14 टनांचा, तीन माणसांचा, तरंगणारा. तुपाच्या डब्यावरून 'पिप्पा' नाव पडलेला. पाण्यात शिरण्याआधी पुढची लाट अडवणारी फळी उचलायची आणि आत झिरपलेलं पाणी उपसणारे पंप सुरू करायचे. यातलं एक विसरलं तर डबा बुडतो.

2014 च्या 'फ्युरी'त एप्रिल 1943 मध्ये ट्युनिशियात पकडलेला, ब्रिटनमधल्या बोव्हिंग्टन संग्रहालयातला खरा टायगर चालवला गेला. त्यानंतर संगणकाने रणगाडा मिळवण्याची अडचण बरीच सोडवली, वजनाची मात्र नाही. तीसेक टनांच्या गाडीला ब्रेक लागला की नाक खाली जातं, मग ती मागे डुलते, वरचा सैल पट्टा चाकांवर आपटतो. संगणकातले रणगाडे बऱ्याचदा जागच्या जागी थबकतात.